कीटो आणि इंटरमिटंट फास्टिंग एकत्र करताय? या चुका टाळा

कीटो म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी जास्त असलेला आहार, आणि इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे दिवसातले ठरावीक तास उपवास. पहिली चूक पहिल्याच दिवशी होते. सोमवारी कर्बोदकं बंद आणि सोमवारपासूनच १६ तासांचा उपवास! कर्बोदकं दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली की साधारण २ ते ४ दिवसांत कीटोसिस (चरबीपासून बनलेले कीटोन शरीर इंधन म्हणून वापरू लागतं ती अवस्था) सुरू होतो, पण शरीर त्यात रुळायला काही आठवडे घेतं. म्हणून आधी नुसतं कीटो करा. भूक मंदावली की पहिलं जेवण पुढे ढकलणं जड जात नाही. सुरुवात १२ तासांची ठेवा, मग हळूहळू वाढवा.

डोकं ठणकतंय, उठलं की गरगरतंय, रात्री पायात गोळे येतायत? बहुतेक जण इथेच सोडून देतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण यामागे बऱ्याचदा मिठाची कमतरता असते. इन्शुलिन खाली आलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. उपवासानेही तेच होतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी गळती. त्यात लोक नुसतं पाणी पीत राहतात आणि रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. पाण्यात चिमूटभर मीठ घाला, जेवणात पालेभाज्या ठेवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं, पण ती बरीचशी पाण्याची घट असते. ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. पुढे काटा अडला की घाबरून उपवास २० तासांवर नेऊ नका. आधी ताट तपासा. लोणी घातलेली कॉफी म्हणजे उपवास नव्हे. एका ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी असतात. सुकामेवा आणि चीज सहज हातून जास्त जातं. तयार सॉसमध्ये साखर लपलेली असते.

याउलट प्रथिनं कमी पडतात. खायची वेळ आठ तासांची झाली की दोनच जेवणं उरतात, आणि चरबीने पोट लवकर भरतं. मग चरबीसोबत स्नायूही झिजतात. दोन्ही जेवणांत अंडी, मासे, पनीर किंवा टोफू आधी वाढून घ्या, तूप-तेल नंतर.

लघवीतले कीटोन तपासायच्या पट्टीचा रंग फिका झाला म्हणून धास्तावू नका. शरीर सरावलं की कीटोन लघवीतून कमी जाऊ शकतात.

औषधांच्या बाबतीत मात्र कुणाचंही ऐकून प्रयोग नकोत. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही बदलावा लागू शकतो. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेही आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी ही जोडी स्वतःहून सुरू करू नये. एसजीएलटी२ गटातली (लघवीतून साखर बाहेर टाकणारी) मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना तर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस (कीटोन साठून रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काहीही जाणवलं तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा.