संपादणुकीतील तफावत अभ्यासताना: अमेरिकेत शिक्षणधोरण शिकायला येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातील एका अनुदानित शाळेत चार वर्षे गणित शिकवल्यानंतर मी शिक्षणधोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अमेरिकेत आले आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय, तसेच सधन व गरीब घरांतील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीतील तफावत हाच माझ्या अभ्यासाचा विषय झाला. या वाटेने येऊ पाहणारे आपल्याकडचे शिक्षक बहुधा पहिला प्रश्न ‘कोणते सॉफ्टवेअर शिकून येऊ?’ असा विचारतात. आर किंवा स्टाटा इथे आल्यावर एका सत्रात हाताशी येते. त्याहून आधी समजून घ्यावे असे काही आहे: तफावतीचा आकडा कसा तयार होतो आणि वाचणारा त्याचा दोष नकळत कोणाच्या माथी मारतो.

वाचनाची सुरुवात 1966 च्या कोलमन अहवालापासून करावी. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार झालेल्या या पाहणीत सुमारे 4,000 शाळा आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गातील सोबत्यांची पार्श्वभूमी यांचा गुणांशी अधिक संबंध दिसतो, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष. ‘मग शाळेवर खर्च करून काय उपयोग?’ असा त्याचा सोयीस्कर अर्थही अनेकांनी लावला. म्हणून त्याच्या जोडीला शिक्षणाच्या अभ्यासक ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी अमेरिकेतील शिक्षण-संशोधकांच्या संघटनेपुढे 2006 मध्ये केलेले अध्यक्षीय भाषण वाचावे. तफावत म्हटले की नजर मुलांच्या उणिवेकडे जाते. पिढ्यान्‌पिढ्या जे दिलेच गेले नाही, ते समाजावरचे थकलेले कर्ज मानून त्याचा हिशेब मांडा, असा त्यांचा आग्रह आहे. माझ्या कामाची दिशा या एका मांडणीने बदलली.

ही तफावत निसर्गनियम नाही, हे राष्ट्रीय चाचण्यांतूनच दिसते. 1971 पासून 9, 13 आणि 17 वर्षांच्या मुलांच्या वाचनाची जी दीर्घकालीन नोंद ठेवली गेली, तिच्यात 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांमधील अंतर बरेच कमी झालेले आढळते. आर्थिक तफावतीचे चित्र अधिक वादग्रस्त आहे. शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी 2011 मध्ये असे मांडले की, 2001 च्या सुमारास जन्मलेल्या मुलांमधील सधन-गरीब अंतर त्यांच्या 25 वर्षे आधी जन्मलेल्यांपेक्षा 30 ते 40 टक्क्यांनी मोठे आहे. अर्थतज्ज्ञ हानुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वेगळ्या चाचण्यांचे निकाल वापरून हे अंतर जवळपास जैसे थे असल्याचे दाखवले. दोन्ही निबंध शेजारी ठेवून कोणत्या चाचण्या जोडल्या आणि उत्पन्न कोणाला विचारले, एवढेच तपासत बसा. एका आठवड्याच्या या कामातून जेवढे शिकायला मिळते, तेवढे अनेक व्याख्यानांतून मिळत नाही.

‘उत्तीर्ण टक्केवारी’ या मोजमापापासून विशेष जपावे. 2002 साली अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने प्रत्येक शाळेला वंश, उत्पन्न, भाषा आणि अपंगत्व यांनुसार वेगवेगळे निकाल जाहीर करायला लावले. सरासरीआड दडलेली मुले त्यामुळे दिसू लागली आणि ही त्या कायद्याची मोठी जमेची बाजू आहे. परंतु प्रावीण्याची रेषा कुठे ओढली यावर टक्केवारीतील अंतर अवलंबून असते. उदाहरणादाखल, दोन गटांच्या सरासरीत 0.8 प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाचा) फरक आहे असे धरा. रेषा दोन्ही सरासरींच्या बरोबर मध्ये ओढली तर साधारण 66 आणि 34 टक्के मुले पार होतात; तीच रेषा बरीच खाली आणली तर 98 आणि 88 टक्के. मुले तीच, त्यांचे ज्ञान तेवढेच, आणि अंतर मात्र 32 वरून 10 वर आलेले. म्हणून सरासरी गुण आणि विचलन मागून घ्यावे. नुसत्या टक्केवारीवर प्रबंध उभा करू नये.

माझी स्वतःची मोठी चूक गरिबीच्या रकान्यात झाली. मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळणारा विद्यार्थी म्हणजे गरीब, अशी इथल्या संशोधनातली जुनी रीत आहे. दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाला मोफत आणि 185 टक्क्यांपर्यंत सवलतीत जेवण मिळते. पहिल्या वर्षीच्या चर्चासत्रात मी एका जिल्ह्यातील गरिबी दोन वर्षांत झपाट्याने वाढल्याचा आलेख सादर केला. प्रत्यक्षात तेथील अनेक शाळा सर्वांना मोफत जेवण देणाऱ्या योजनेत गेल्या होत्या आणि माहितीसाठ्यात त्यांचे सगळे विद्यार्थी एका रात्रीत गरीब ठरले होते. शालेय पोषण आहार सरसकट वाढणाऱ्या राज्यातून आलेल्या मला ही शंका सर्वांत आधी यायला हवी होती. तेव्हापासून प्रत्येक रकान्यामागचा नियम कोणत्या वर्षी बदलला, हे वाचल्याशिवाय मी आकडेमोड सुरू करत नाही.

शाळांच्या पैशाची बाजू समजायला वेळ लागतो, कारण इथे शाळेच्या निधीचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. वस्ती महाग असेल तर कराचा दर कमी ठेवूनही तिजोरी भरते. टेक्सासमधील गरीब वस्तीच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही व्यवस्था राज्यघटनेला धरूनच असल्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात शहराचे वर्णवार विलगीकरण मोडण्याच्या योजनेतून उपनगरे वगळली गेली. हे निकाल वाचताना मला जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन आठवत राहिले: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. फुल्यांनी आपला 1873 मधील ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केला होता. शिक्षणाचा पैसा कोठून येतो आणि कोणाकडे जातो, हे विचारण्याची शिदोरी आपण घरूनच घेऊन येतो.

आपल्या माणसांत बसल्यावर एक वाक्य हमखास कानी पडते: ‘आपली मुले पुढे जातात, मग त्यांना काय अडचण?’ भारतातून येथे आलेल्यांत उच्चशिक्षितांचे प्रमाण खूप मोठे आहे, कारण व्हिसाची व्यवस्थाच त्यांना निवडून आणते. ज्यांचे पूर्वज बेड्या घालून आणले गेले आणि ज्यांना दीर्घकाळ कायद्याने अक्षरओळख नाकारली गेली, त्यांच्याशी ही तुलना न्याय्य नाही. शिवाय ‘आशियाई’ या एकाच रकान्यात आपल्याबरोबर निर्वासित म्हणून आलेली हमोंग आणि कंबोडियन कुटुंबेही मोजली जातात, त्यामुळे त्यांच्या मुलांची ओढाताण सरासरीत बुजून जाते.

शेवटची विनंती अशी की, पहिल्याच सत्रात एखाद्या सरकारी शाळेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे यांत काही आठवडे जातात. संशोधनासाठी जायचे असेल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता वेगळी लागते, तेव्हा अर्ज लवकर करावा. मी आठवड्यातून दोन दुपारी चौथीच्या एका मुलाचे वाचन ऐकत असे. वाचनाचा वेग मोजण्यासाठी एका मिनिटात किती शब्द अचूक वाचले याची नोंद घेतली जाते. तो रोज बसल्या बसल्या विचारी, ‘घड्याळ चालू आहे का?’ चालू असेल तर ओळीवरचे बोट थरथरे, अवघड शब्द गाळून तो पुढे पळे आणि विरामचिन्हे ओलांडून जाई. एके दिवशी मी घड्याळ पिशवीत ठेवले. त्या दिवशी त्याने कासवावरचा पूर्ण परिच्छेद सावकाश वाचला, मध्येच थांबून ‘म्हणजे ते अंडी वाळूत पुरून निघूनच जाते?’ असे विचारले आणि उत्तर शोधायला स्वतःहून पान उलटले. माझ्या नोंदवहीत त्या दिवसाचा रकाना रिकामा आहे.