कापडी छताच्या जुन्या मोटारीसाठी स्वस्तातले पावसाळी आच्छादन

कापडी छताची जुनी मोटार पावसाळाभर अंगणात उभी ठेवावी लागत असेल, तर एक प्लास्टिकची ताडपत्री, दोन-तीन जुन्या सुती चादरी आणि नायलॉनची दोरी एवढ्यावर काम भागते. मात्र अशा गाडीला वरून पडणाऱ्या पावसाइतकेच आत कोंडलेल्या दमटपणाचे भय असते. पत्रा गंजतो तो बहुधा यानेच.

माप गाडीचे घ्यावे, अंदाजाने ताडपत्री आणू नये. १९४८ ते १९७१ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली मॉरिस मायनर सुमारे सव्वाबारा फूट लांब आणि पाच-पाच फूट रुंद व उंच आहे. तिला २० × १५ फुटांची ताडपत्री पुरते. कडा जमिनीपासून फूटभर वर राहाव्यात, म्हणजे खालून वारा खेळतो.

गाडी पूर्ण कोरडी असताना छत वर ताणून लावावे, कारण घडी घातलेल्या ओलसर कापडाला बुरशी लवकर धरते. धूळ पुसून घ्यावी आणि रंगावर सुती चादरी पसराव्यात; ताडपत्री थेट रंगावर टेकली, तर वाऱ्याने फडफडून ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. छतामागच्या खिडकीला पारदर्शक प्लास्टिक असेल, तर त्यावर चादरीची दुहेरी घडी घालावी.

खरी अडचण येते ती समोरच्या काचेच्या पायथ्याशी. तिथे ताडपत्रीला झोळ पडतो, बादलीभर पाणी साचते आणि त्या वजनाने ताडपत्रीच्या काठावरच्या, दोरी ओवायच्या कडीजवळचे प्लास्टिक फाटते. हवा भरलेली स्कूटरची जुनी ट्यूब त्या खळग्यात ठेवली की ताडपत्री उचलली जाऊन उतार मिळतो. रबराचा डाग रंगावर उतरतो, म्हणून ट्यूबला कापड गुंडाळावे आणि तिचा पितळी व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवावा. डिकीच्या बाजूलाही झोळ दिसला, तर तसेच करावे.

दोरी एका बाजूच्या कडीतून गाडीच्या पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या कडीत न्यावी आणि सरकगाठ मारावी, म्हणजे ताण कमी-जास्त करता येतो. बंपरला किंवा दाराच्या मुठीला बांधू नये. इंजिन व सायलेन्सर गार झाल्याशिवाय प्लास्टिक अंथरू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी घाईत हीच चूक होते. दर उघडिपीला ताडपत्री काढून चादरी वाळवाव्यात. खालची दोरी सोडायची राहू नये, यासाठी स्टिअरिंगला एक लाल चिंधी बांधून ठेवावी.