मृगाआधी केवड्याच्या बनातली खिंडारं बुजवा

(उत्तन परिसरातल्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांसाठी, मेअखेर ते जुलै)

मृग तोंडावर आला. खत-बियाणं नंतर बघू, आधी समुद्राकडच्या अंगाला जाऊन केवड्याचं बन कुठे तुटलंय ते पाहा. दरसाल भाजी जाते ती या खिंडारातून. गणपतीसाठी फूल काढताना तोडलेली वाट, टेम्पोसाठी केलेला रस्ता, अगदी तीन-चार हातांचं मोकळं तोंडही पुरतं. नैर्ऋत्येचा वारा त्यात कोंडून घुसतो, तळची वाळू उकरतो आणि खारा तुषार थेट मिरची-वांग्यावर आणून टाकतो. मग समुद्राकडच्या पानांच्या कडा करपतात. दुकानदार त्याला रोग ठरवून बुरशीनाशक गळ्यात मारतो. आडोशाची पानं हिरवीगार असतील तर ती बाटली घेऊ नका. पाऊस न पडता दिवसभर वारा सुटला तर संध्याकाळीच पानं गोड्या पाण्याने धुवा.

खिंडारासाठी आपल्याच वाडीतल्या केवड्याचे दीड-दोन फुटी फुटवे घ्या, हवेत लोंबणाऱ्या मुळ्यांसकट. वाळूच्या टेकडीवरचं बन उपटू नका. पानं अर्ध्यावर छाटा, नाहीतर वाऱ्याने फुटवा हलत राहतो आणि मूळ धरत नाही. पहिला पाऊस मुरला की फूटभर खोल, पाच-पाच फुटांवर दोन ओळी. मागचा फुटवा पुढच्या दोहोंच्या फटीसमोर. त्यांच्यापुढे, समुद्राच्या बाजूला, मर्यादवेलीचे (वाळूवर सरपटून ती धरून ठेवणाऱ्या वेलीचे) पेरांसह तुकडे दाबा. वाट हवीच असेल तर तिरकी काढा, सरळ समुद्राकडे नको. भिंत तर नकोच. वारा तिच्यावरून उसळून पलीकडे आदळतो.

सुगंधी कणीस नरालाच येतं, म्हणून सगळे नरच लावतात. मादी नसेल तर फळ नाही, बी नाही. सात-आठ नरांमागे एक मादी ठेवा. हा आकडा अनुभवाचा, पुस्तकातला नाही. नर्सरीतला पिवळ्या पट्ट्यांचा केवडा कुंडीपुरता. सुरूची रोपं फुकट मिळाली तरी पुढच्या ओळीत नकोत, त्यांच्या सुयांखाली मर्यादवेल पसरत नाही.

केवडा झाड म्हणून दुर्मीळ नाही, पण त्याच्या पायाखालची वाळू चाललीय. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या सर्वांत नाजूक पट्ट्यात आहेत. जेसीबी घेऊन सपाटीकरणाला येणाऱ्याला हे तोंडावर सांगा. मर्यादवेलीची मुळं उघडी पडून शेंडे सुकू लागले, तर आमच्या अंदाजाने त्याच पावसात टेकडी ढासळते.

बाकी नेहमीची कामं:
– चर मोकळे करणे.
– माती परीक्षण. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन खारवट. तिला पावसाचं पाणी आणि निचरा पुरतो, ‘खार काढणारं’ औषध नको. सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला तर चोपणाची, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीची शंका. चोपण ठरली तरच जिप्सम, तेही अहवालातल्या मात्रेने.
– मिरचीवरील रसशोषक किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क.

नवी मुंबईच्या खाडीकाठी हा सल्ला लागू नाही. तिथे खारफुटी आहे. तिच्यात केवडा घुसवू नका.