गोळ्या एकीकडे, थेरपी दुसरीकडे: मानसोपचाराचं क्लिनिक निवडताना या चुका टाळा

धाकट्या भावाला पहिल्यांदा दाखवायचं ठरलं तेव्हा क्लिनिक निवडताना मी एकच गोष्ट बघितली, ते घरापासून लांब हवं. आम्ही नाशिकरोडचे, म्हणून क्लिनिक गंगापूर रोडच्या टोकाचं. वेटिंगमध्ये कुणी ओळखीचं भेटायला नको, एवढीच काळजी. पहिली भेट झाली, गोळ्या मिळाल्या, "पंधरा दिवसांनी या" म्हणाले. ज्याला पलंगावरून उठून आंघोळीला जाणं जड जातंय, तो दोन रिक्षा बदलून पुन्हा तिथे जाणार कसा? दुसरी भेट झालीच नाही.

ही पहिली चूक, आणि बहुतेक घरं हीच करतात. मानसोपचार एका फेरीत उरकत नाही. गोळ्यांसाठी सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी जावं लागतं आणि थेरपी साधारण दर आठवड्याला, पाऊण तासाची. ओळखीचं भेटेल ही भीती खरी आहे, पण तोही तिथे नंबर लावूनच बसलेला असतो.

पाटीवर ‘डॉक्टर’ आहे म्हणजे सगळं आलं

तसं नसतं. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ: आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. त्याच्या चिठ्ठीवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असायला हवा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी देतो, चाचण्या घेतो, बहुतेकांचं एम.फिल. झालेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो गोळ्या लिहून देत नाही. समुपदेशक हा तिसरा. त्यात उत्तम माणसं आहेत आणि तीन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारीही आहेत. शिक्षण काय, नोंदणी कुठे, हे रिसेप्शनवर सरळ विचारा. विचारल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, तर उत्तर मिळालं असं समजा.

सेशन कोणत्या भाषेत होणार, हेही विचारा. हे कुणीच विचारत नाही. आमची आई "कशात जीव रमत नाही" म्हणते. तिला तेच इंग्रजीत सांगायला लावलं असतं, तर "आय अ‍ॅम फाइन" म्हणून उठून आली असती.

एकाच छताखाली, पण एकमेकांशी बोलणं नाही

ही चूक आम्हाला सगळ्यात महागात पडली. दुसरं क्लिनिक जवळचं होतं, चकाचक होतं, डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघंही तिथेच बसायचे. मी खूश. भावाला रात्री मिर्टाझापिन ही उदासीवरची गोळी सुरू झाली. तिची गुंगी त्याला सकाळी दहापर्यंत सोडायची नाही. तिकडे थेरपिस्टनं वहीत वेळापत्रक लिहून दिलं होतं: सहाला उठणं, साडेसहाला चालणं, सातला चहा. पद्धत चुकीची नव्हती. उदासीच्या आजारात दिवसाला आकार देणं हा थेरपीचाच भाग असतो. पण गोळीची गुंगी थेरपिस्टला माहीत नव्हती आणि वेळापत्रक डॉक्टरांना माहीत नव्हतं. दोघांच्या फायली वेगळ्या. दीड महिना हा मुलगा रोज त्या वहीत सहाच्या समोर फुली मारत होता आणि स्वतःला आळशी म्हणत होता. शेवटी मीच दोन्ही कागद डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी गोळीची वेळ अलीकडे आणली. दोन मिनिटांचं काम.

म्हणून क्लिनिक ठरवण्याआधी विचारा: "पेशंटबद्दल तुम्ही दोघं आपसात कधी बोलता?" ठरावीक दिवस, एकच फाइल, निदान एखादा फोन, असं काही ठोस उत्तर हवं. "आमची टीम आहे" हे उत्तर नव्हे. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असले तरी चालतं, फक्त त्यांनी एकमेकांशी बोलण्याआधी पेशंटला विचारलेलं बरं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं पेशंटला आपल्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क त्याचा आहे, घरच्यांचा नाही. माझ्यासकट अनेक दादा-ताई हे विसरतात.

"दहा दिवस झाले, फरक नाही"

उदासी आणि चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला सहा-आठही. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच: मळमळ, डोकेदुखी, झोपेची गडबड. म्हणजे आधी त्रास, मग गुण. हे पहिल्याच भेटीत समजावून न सांगणाऱ्या क्लिनिकचे पेशंट दहाव्या दिवशी गळतात. त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, नंबर कोण उचलतं, हे गोळी सुरू करण्याआधी ठरवून घ्या.

बरं वाटल्यावर परस्पर गोळी थांबवणं ही याचीच जुळी बहीण. एकदम बंद केल्यावर चक्कर येते, डोक्यातून करंट गेल्यासारखं होतं, आणि घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांची सवय लागली! या गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायच्या असतात. खरी सवय लागते ती क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची. जुन्या चिठ्ठीवर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून त्या आणत राहणं धोक्याचं. किती दिवसांसाठी दिली आहे, हे विचारून तारीख लिहून ठेवा.

चांगल्या क्लिनिकची आणखी एक खूण. मूड स्थिर ठेवणारं लिथियम चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी हे अधूनमधून तपासावंच लागतं. भास-भ्रमांवर दिल्या जाणाऱ्या ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढू शकते. अशा गोळ्या महिनोन्महिने चालू असूनही क्लिनिकमध्ये कुणी वजनकाट्यावर उभं केलं नसेल, तर स्वतःहून विषय काढा.

पैशांचं थोडक्यात. थेरपी आणि डॉक्टरांची फी वेगळी असते का, ते आधीच विचारा. तीन महिन्यांचा हिशेब मांडा आणि झेपेल तेच निवडा. सरकारी ओपीडीकडे नाक मुरडू नका. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. तिथे गेलं म्हणजे भरती करून घेतात, हा समज अजून गेलेला नाही. विम्याबाबत २०१७ चा कायदा शारीरिक आजारासारखीच वागणूक द्या म्हणतो, पण पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरला आहे का, ते वेगळं बघावं लागतं.

जीव देण्याची भाषा, खाणंपिणं बंद, कुणाला ऐकू न येणारे आवाज ऐकू येणं, असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

क्लिनिक बदलावंसं वाटलं तर बदला, पण थेरपिस्टला तीन-चार भेटींचा वेळ द्या आणि निघताना कागदांची प्रत मागून घ्या. कायद्यानं पेशंटला ती मिळते. आम्ही मागितली नव्हती. नव्या डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस? आम्ही सांगितलं, "पांढरी, छोटी, मधे रेघ असलेली." ते हसले नाहीत. कपाटातली रिकामी स्ट्रिप आणायला मला घरी पाठवलं.