जुन्या कॅम्पर व्हॅनच्या मेटॅलिक रंगाचा टचअप

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि रंगाची छटा ते पत्र्यावर कसे बसले यावरही ठरते. फवारा ओला व जड पडला तर कण खोल जाऊन समोरून डाग गडद दिसतो. फवारा कोरडा पडला तर तोच रंग फिकट दिसतो. त्यामुळे कंपनीचा रंगाचा कोड बरोबर असूनही ठिगळ उठून दिसते.

म्हणूनच नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सावलीत करावे. मे महिन्यात तापलेल्या हवेत रंगाचे थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकू लागतात. पावसाळ्यातील दमटपणामुळे लॅकरवर पांढुरकी झाक येऊ शकते आणि उघडी पुट्टी ओल धरते.

रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर मिळतो. मात्र वर्षानुवर्षे विदर्भाचे ऊन सोसलेल्या गाडीचा रंग कोडशी जुळेलच असे नाही. टाकीचे झाकण सुटे निघत असेल तर ते रबिंग कंपाउंडने (रंग घासून उजळवणाऱ्या पेस्टने) साफ करून रंगाच्या दुकानात न्यावे आणि त्यावरून छटा जुळवून घ्यावी. छताजवळचा भाग रंगवायचा असेल तर त्या भागाशीही ती ताडून पाहावी, कारण छत दारांपेक्षा अधिक विटलेले असते.

छताच्या पन्हळीखाली आणि नंतर कापून बसवलेल्या खिडक्यांभोवती गंज असेल तर तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा. गंजावर घाईने मारलेला रंग काही महिन्यांत फुगतो. खिडकीच्या कडेतून पाणी झिरपत असेल तर आधी ती गळती बंद करावी. गाडी सिलिकॉनच्या पॉलिशने चमकवली असल्यास मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसावे, नाहीतर रंगात खळगे पडतात. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, गरजेपुरती पुट्टी, तिच्यावर पुन्हा प्रायमर, आणि तो ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यासोबत वापरायच्या सँडपेपरने) घासून गुळगुळीत करावा.

रंगाचा स्प्रे डबा दोन मिनिटे हलवून आधी पुठ्ठ्यावर फवारून पाहावा. साधारण २० सेंटिमीटर अंतरावरून, हात सरळ रेषेत फिरवत, पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थराची ओली चमक गेल्याशिवाय पुढचा देऊ नये. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा बाहेर न्यावा, म्हणजे कड विरते. टेप अगदी डागाशी लावल्यास तिथे रेघच उमटते. मेटॅलिक थर घासू नये, कारण त्यातील कण कापले जातात. दगडाच्या छोट्या टवक्यांसाठी मात्र बारीक ब्रशचा ठिपका पुरेसा आहे. तिथे फवाऱ्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो.

क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) शक्यतो पॅनेलच्या नैसर्गिक कडेपर्यंत द्यावा. हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. त्यासाठी रुमाल किंवा कापडी मास्क चालत नाही, योग्य श्वसनयंत्र लागते. ते नसेल तर एवढा टप्पा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडूनच करून घ्यावा. क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर आणि त्यानंतर कंपाउंड हलक्या हाताने फिरवावे. मेण लावण्याआधी महिनाभर थांबावे.