कॉलेजच्या ख्रिस्ती ग्रुपमधून सेवेला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही बारा जण ठाण्यातल्या एका वृद्धाश्रमात केक घेऊन गेलो होतो. गिटार होती, कॅरल्स पाठ होती, सांताची टोपीसुद्धा होती. सिस्टरांनी गाणी होऊ दिली, टाळ्या वाजवल्या आणि मग मला स्वयंपाकघरात नेऊन फ्रीज उघडून दाखवला. आत सहा केक. "या आठवड्यातला तुमचा सातवा," त्या म्हणाल्या. "इथल्या निम्म्या लोकांना शुगर आहे. जूनमध्ये या की रे कोणीतरी, तेव्हा डायपर संपलेले असतात."

मी तेव्हा एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होतो. पुढे त्याच ग्रुपचा ॲनिमेटर, म्हणजे मुलांना सांभाळून घेणारा मार्गदर्शक झालो आणि आता नोकरी सांभाळून दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, नव्या मुलांबरोबर नवी मुंबईतल्या तुर्भ्याला जातो. कॅथलिक कॉलेजच्या ग्रुपला तसं काही कमी नसतं. फादरांचा पाठिंबा असतो, पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चचा हॉल मिळतो, देणगी देणारी घरंही ठरलेली असतात. तरी दर वर्षी त्याच चुका होतात, कारण कार्यक्रम आपल्या सोयीने ठरतो. ज्यांच्या दारात जायचं, त्यांना कोणी विचारतच नाही.

गोळा आधी, विचारणं नंतर

एकदा लेंटमध्ये, म्हणजे उपवासकाळात, आम्ही जुने कपडे गोळा केले. टेम्पो भरला. तुर्भे स्टोअरजवळच्या वस्तीत गाठोडी सोडली, तर वरच निघाला लग्नातला मखमली ब्लेझर. त्याखाली चेन तुटलेल्या जीन्स आणि एकाच पायाची सँडल. एक मावशी ती सँडल हातात धरून बराच वेळ दुसरी शोधत होत्या. मग म्हणाल्या, "बाळा, तुमच्या माळ्यावर जागा नव्हती का?"

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. आधी दोनदा रिकाम्या हातांनी जा. चहा दिला तर प्या. काय हवं ते विचारा आणि लिहून घ्या. आम्हाला अशी यादी मिळाली तेव्हा तिच्यात कपडे नव्हतेच. पावसाआधी ताडपत्री, जूनमध्ये वह्या आणि सातवीतल्या मुलीसाठी चष्मा, एवढंच होतं. वर्गणी मागताना ही यादी दाखवली की देणाऱ्यालाही बरं वाटतं, आणि ब्लेझर आपोआप घरी राहतो.

किट देत राहायचं, हक्काचं विचारायचंच नाही

आमची सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती करताना आम्हाला स्वतःचा अभिमान वाटत होता. वाशिमहून आलेल्या एका कुटुंबाला आम्ही सलग पाच महिने धान्याचं किट दिलं. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर. सहाव्या महिन्यात कोणीतरी सहज विचारलं, "काका, रेशनकार्ड आहे का?" होतं. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, गावच्या पत्त्याचं. ते इथे चालत नाही असं त्यांना वाटत होतं, आणि आम्हालाही तसंच वाटत होतं. पण एक देश एक रेशनकार्ड योजनेत गावचं कार्ड तुर्भ्यातल्या रेशन दुकानातही चालतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो. घरात पाच माणसं, म्हणजे महिन्याला 25 किलो. आमच्या किटात तांदूळ होता 5 किलो.

पुढची अडचण दुकानात आली. आजींचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर खडी फोडलेली, बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. दुकानदार "नंतर या" म्हणाला आणि आजी मुकाट्याने वळल्या. अशा वेळी भांडू नका, पण निघूनही येऊ नका. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, सुनेला घेऊन परत जा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत करून घ्या.

नाक्यावरच्या मजुरांचंही तसंच. पहाटे नाक्यावर वडापाव वाटणं छान वाटतं, फोटोही छान येतो. पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली तर मुलांची शिष्यवृत्ती आणि इतर लाभ त्या घराला हक्काने मिळतात. वय 18 ते 60 हवं आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र हवं. सगळं घोडं अडतं ते या प्रमाणपत्रापाशी, कारण ठेकेदार सही द्यायला तयार नसतो. मुलांनी पाठपुरावा करावा तो इथे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक लिहिलं, तेव्हा त्यांचा मुद्दा कामगाराच्या न्याय्य वेतनाचा होता, भिकेचा नव्हे. वडापाव देऊ नका असं म्हणत नाही मी. तो खाताना गप्पा होतात, त्या गप्पांत 90 दिवसांचंही विचारा.

कागदांबद्दल एक कबुली. एका ताईंचं मूळ रेशनकार्ड मी झेरॉक्ससाठी घेतलं आणि ते सुट्टीत माझ्याच बॅगेत तीन आठवडे राहिलं. त्यांचा त्या महिन्याचा शिधा बुडाला. तेव्हापासून नियम एकच: मूळ कागद हातात घ्यायचा नाही. ज्याचा कागद त्याच्यासोबत झेरॉक्सच्या दुकानापर्यंत चालत जायचं. आधारचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत.

परीक्षा आली की गायब

वस्तीतला अभ्यासवर्ग जुलैत दणक्यात सुरू होतो, ऑक्टोबरात सेमिस्टर आली की बंद पडतो. मुलं मात्र दर शनिवारी पाटी घेऊन समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसतात. मी हे पाहिलंय, आणि त्या पायरीवर परत जायला मला फार जड गेलं होतं.

इथे ओझानाम यांची आठवण काढावीशी वाटते. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम कायद्याचा विद्यार्थी होता, वय वर्षं 20. तुमचं चर्च आज गरिबांसाठी करतं तरी काय, असं सोबतच्या विद्यार्थ्यांनी हिणवलं म्हणून त्याने मोजक्या मित्रांना घेऊन काम सुरू केलं. सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना मुफ्तारच्या गरीब वस्तीतल्या घरी कसं जायचं ते शिकवलं. आपल्या पॅरिशमध्ये जी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी दिसते, तिची ही सुरुवात. त्यांची पद्धत आजही तीच आहे. दोघा-दोघांनी घरी जायचं आणि त्याच घरी पुन्हा जायचं.

आम्ही हेच उचललं. पन्नास जण एकदा जाण्यापेक्षा तीन जोड्या, सहा घरं, ठरलेला वार. जोडीत एक एफवायचा आणि एक टीवायचा, म्हणजे एक गेला तरी ओळख टिकते. परीक्षेच्या तारखा पहिल्याच दिवशी त्या घरांतल्या लोकांना सांगून टाकायच्या. "ऑक्टोबरात तीन आठवडे येणार नाही" असं सांगून न येणं आणि न सांगता न येणं यात फार फरक आहे. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाला 120 तास भरायचे असतील तर जरूर भरा, पण घड्याळ बघत बसलेला पाहुणा कोणालाच आवडत नाही.

प्रार्थना आणि पाकीट

हा विषय नाजूक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. धान्याच्या पिशवीत संतांचं कार्ड किंवा बायबलचं वचन टाकू नका. वाटपाआधी सगळ्यांना हात जोडून उभं करू नका. ज्याच्या घरात पीठ संपलंय त्याला "नको" म्हणण्याची मोकळीक नसते, आणि ती नसताना केलेली प्रार्थना कसली? शिवाय वस्तीत संशय यायला एवढंसं कारण पुरतं, मग पुढच्या वर्षीचं काम बुडालंच म्हणून समजा. कोणी विचारलं तर मात्र आडपडदा नको. आम्ही अमुक कॉलेजच्या ख्रिस्ती ग्रुपमधून आलो, असं सरळ सांगा. आपली प्रार्थना परत आल्यावर चॅपेलमध्ये करा आणि तिथेच त्या दिवशी काय खटकलं त्यावर वीस मिनिटं बोला.

फोटोंचंही तसंच. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, हे बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. आपण ते स्टेटसवर टाकतो. आमच्याकडे आता एकाच मोबाईलवर फोटो निघतात, तेही वस्तू आणि आपल्या पोरांचे. लहान मुलांचे चेहरे कधीच नाहीत.

लहान मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, नेहमी दोघं. मुलाने काही भयंकर सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं असेल तर पॉक्सो कायद्याने (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) ते कळवणं बंधनकारक आहे. ॲनिमेटरला सांगा, 1098 या चाइल्डलाइनवर फोन करा.

आणि वस्तीत उभं राहून आपसात इंग्रजी बोलणं बंद करा. काका-मावशींना वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय. बऱ्याचदा ते खरं असतं. ठाण्याजवळच्या येऊरच्या आदिवासी पाड्यावर जाताना धबधब्याचे कपडे सोबत घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

वही कोणाकडे आहे?

टीवायची मुलं एप्रिलमध्ये पास होऊन जातात आणि त्यांच्यासोबत सगळी माहिती जाते. कोणत्या घरी आजींचा अंगठा उठत नाही, कोणाचा 90 दिवसांचा अर्ज अडकलाय, वृद्धाश्रमात डायपर कुठल्या मापाचे लागतात. यासाठी दोनशे पानी वही ठेवा. घरामागे एक पान, प्रत्येक भेटीची तारीख आणि एक ओळ. आधार नंबर, फोन नंबर त्यात लिहायचे नाहीत. वही कॉलेजमध्ये फादरांच्या कपाटात राहू द्या. जूनमध्ये नवीन मुलं आली की आधी ती वाचायला द्या, आणि पहिल्या भेटीला जुन्या जोडीतल्या एकाने सोबत जायचं.