नवा कॅमेरा घ्यायच्या आधी हे बघा: सोलापूरच्या उन्हात फोटो काढताना या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या बाराबंद्या पांढऱ्याशुभ्र होत्या आणि फोटोत मात्र मळकट राखाडी आल्यात, कॅमेऱ्यात काहीतरी लोचा आहे, बदलून टाकू का? अहो नका बदलू, कॅमेरा एकदम ठणठणीत आहे. त्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य साधारण मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं, त्यामुळे फ्रेमभर पांढरे कपडे आले की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो अंधारा करून टाकतो. अशा वेळी प्लस-मायनसचं बटण दाबून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ किंवा +१ वर न्यायचं. ऊन कडक असताना एक्सपोजर अजून वाढवायचं हे ऐकायला उलटं वाटतं, पण पांढरं पांढरं दिसायला तेच लागतं.

मात्र ते वाढवताना स्क्रीन बघून अंदाज बांधू नका, ही दुसरी मोठी चूक. भर उन्हात स्क्रीन अंधारी दिसते म्हणून लोक उजेड वाढवत सुटतात आणि घरी येऊन बघावं तर कापडाच्या चुण्यासुद्धा गायब. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतला काळोख-उजेड दाखवणारा आलेख, तो उजव्या कडेला जाऊन आदळला असेल तर थोडं खाली या. मेनूत हायलाइट अलर्ट असतो तो चालू करून ठेवा, जिथं पांढरं उडालंय तिथं लुकलुकतं. एकदा पूर्ण उडालेलं पांढरं परत आणता येत नाही, रॉमध्ये (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढलं तर थोडीफार जागा मिळते एवढंच.

रात्री बरोबर उलटं होतं. मागे काळोख आणि स्टेजवर एकट्या माणसावर लाइट असेल तर चेहरा चुन्यासारखा पांढरा येतो, तिथं मायनसमध्ये जायचं किंवा स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर ठेवायचं. आणि रात्री आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० केला असेल तर सकाळी तो खाली आणायला विसरू नका.

आता नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं. माळढोक दिसणं आता फार दुर्मिळ झालंय, पण काळवीट दिसतात आणि लोक ३०० एमएमची लेन्स घेऊन दुपारी बारा वाजता जातात, मग फोटो मऊ आले की दोष लेन्सला. खरं कारण तापलेली जमीन. माळावरून गरम हवा वर उठते, तिच्यातून येणारा प्रकाश हलत राहतो आणि लांबचं काळवीट पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. यावर कितीही महागडी लेन्स चालत नाही. उजाडता उजाडता जा, जमीन गार असते आणि उजेडही तिरका मिळतो. तरी फोटो हललेला वाटला तर शटरचा वेग तपासा, क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ३०० एमएम हातात धरून किमान १/५०० सेकंद तरी हवं, पळणाऱ्या काळवीटाला १/१००० च्या वरच ठेवा.

आभाळात सगळ्या फोटोंत एकाच जागी काळपट ठिपके येतायत? ती सेन्सरवरची धूळ. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा, लगेच कळेल. हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने झटका, तोंडाने फुंकर अजिबात मारू नका, थुंकीचे थेंब बसले की काम वाढतं. आपल्याकडं उन्हाळ्यात वारा सुटला की नुसती धूळ, त्यामुळे लेन्स बदलायची तर गाडीत किंवा आडोशाला, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. पण कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ मात्र नका, एप्रिल-मेमध्ये बॅटरीचं वाटोळं होतं.

शोभेच्या दारूकामाला ट्रायपॉड लागतोच. आयएसओ १००, एफ/११, शटर २ ते ४ सेकंद, फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद.

खर्च करायचाच असेल तर बॉडीवर नको. आधी लेन्स हूड आणि ब्लोअर, मग ५० एमएम एफ/१.८. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ ला अडकते आणि ही तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, म्हणजे संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी घरच्यांचे फोटो काढताना फ्लॅश बाहेर काढायची गरजच पडत नाही. ट्रायपॉड त्यानंतर घ्या, पण हलका, काडीसारख्या पायांचा घेऊ नका, आपल्या वाऱ्यात तो थरथरतो.